गावात समित्या पाच, माणसं तीच. एकच करून टाकायची का?

माजी_मेंबर
मी बेळगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत एक टर्म मेंबर होतो. पंचायतीचं नाव सांगत नाही, पक्षाचं राजकारण इथं आणू नका ही विनंती. विषय फक्त समित्यांचा.

नागरिकांना घेऊन केलेल्या समित्या मोजून बघा. शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती. अंगणवाडीची बालविकास समिती. आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती, ही 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली. 2019 ला जलजीवन मिशन आलं, तशी पाणी समिती. शिवाय जैवविविधता समिती. पंचायत कायद्यातल्या उत्पादन, सामाजिक न्याय आणि सुविधा या तीन स्थायी समित्या मेंबरांच्याच असतात, त्या मी धरत नाही.

आता गटार तुंबली असं समजा. डास झाले म्हणून विषय आरोग्य समितीचा. त्याच गटारीतून नळाची पाइप गेलीय म्हणून पाणी समितीचा. शाळेच्या गेटसमोर तुंबली असेल तर एसडीएमसीचाही. तिन्हीकडे ठराव होतात, तिन्ही पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, टेबलावर जाऊन पडतात, आणि पीडीओ म्हणतात, निधी आला की बघू.

एका दुपारी पंचायतीच्या कट्ट्यावर बघितलेलं सांगतो. अंगणवाडी सेविका, आशा, स्त्रीशक्ती संघाच्या चार-पाच बायका, एक रिटायर्ड गुरुजी. समोर तीन रजिस्टरं. पहिल्यावर सही करताना बायका विचारत होत्या, कशाची मीटिंग? तिसरं आलं तेव्हा फक्त "कुठं करू?" एवढंच. त्या तिन्ही सभा वेगवेगळ्या तारखांना झाल्याचं कागदावर आहे.

माझं म्हणणं असं. वीस-पंचवीस जणांची एकच गाव सल्लागार समिती करा, निम्म्या बायका. महिन्यातली एक तारीख ठरलेली, रजिस्टर एक. पाणी, आरोग्य, शाळा असे विषय आत वाटून द्या. झेडपीमार्फत सरकारकडं तशी शिफारस करता येते. कोण सहमत, कोण नाही, कारणासकट लिहा.

नुसता_वाचक
शंभर टक्के सहमत. आमच्याकडं तर एका काकांना आपण कुठल्या समितीत आहोत हेच माहीत नाही, विचारलं की म्हणतात "सगळ्यात".

शाळेची_आई
दादा, गटारीचं पटलं. पण एसडीएमसीला हात लावू नका.

शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 21. शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. हे पंचायतीनं दिलेलं नाही, संसदेच्या कायद्यानं दिलंय. तुमच्या पंचवीसजणांत शाळेत मूल असलेले किती असतील? पाच? सहा? मग शाळेचा निर्णय ज्यांची मुलं बेळगावला इंग्लिश मीडियमला बसनं जातात ते घेणार.

दुसरं, जे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे पण कोणी लिहीत नाही. आमच्या गावात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. दोन शाळा, दोन एसडीएमसी. भांडण काही नाही, नळ एक, मैदान एक. पण पंचायतीचं कामकाज कन्नडमध्ये. सभेत सगळे मराठीत बोलतात आणि पुस्तकात लिहिलं जातं कन्नडमध्ये. माझ्या वयाच्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बायकांना ते वाचता येत नाही. सही मात्र आमची.

मराठी शाळेच्या समितीचं पुस्तक मुख्याध्यापक मराठीत लिहितात. आम्ही वाचतो, मग सही करतो. मागच्या उन्हाळ्यात पत्र्यांचा ठराव होता. सरांनी एका वर्गाचे पत्रे बदलायचे असं लिहिलं होतं, गळत होते दोन वर्ग. चौथीतल्या मुलाची आई म्हणाली, "सर, आमचा वर्ग राहिला की." सरांनी तिथंच ओळ खोडून परत लिहिली आणि शेजारी सही केली. तुमच्या त्या एकाच रजिस्टरात ती बाई हे बोलू शकली असती का?

माजी_मेंबर
ताई, म्हणजे तुमची तक्रार पुस्तक कोण लिहितं याची आहे, समिती किती आहेत याची नाही. एकाच समितीचं पुस्तक दोन्ही भाषांत लिहिता येतं.

शाळेची_आई
येतं, पण लिहिणार कोण? आत्ता जे आपोआप होतंय ते मोडायचं आणि मग मागून घ्यायचं, असा सौदा मी करत नाही.

चिकोडीवाला
काय बोलूलास मर्दा. भाषेचा विषय आला की चर्चा संपलीच. समित्या एक करा नाहीतर दहा करा, सीमाप्रश्न सुटल्याशिवाय काही होत नाही.

माजी_मेंबर
महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. गटार तोपर्यंत तुंबलेली ठेवायची का?

जांबोटी_रोड
खानापूरकडून थोडं. आमच्याकडं गोष्ट वेगळी आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

जैवविविधता समितीबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत. कायदा 2002 चा, प्रत्येक स्थानिक संस्थेनं समिती करायची असं त्यात आहे. वर्षानुवर्षं कोणी केली नाही. मग 2019 मध्ये हरित लवादानं सांगितलं, 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या तयार पाहिजेत, नाहीतर त्यापुढं राज्याला दर महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील. मग काय, देशभर धडाधड समित्या झाल्या. दंड चुकवायला केलेल्या समितीचा आम्हाला काय उपयोग? खरं तर भीमगड अभयारण्याच्या कडेला जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात या समितीला सगळ्यात जास्त काम आहे. कुठल्या औषधी झाडाची साल कोण नेतं, कुठला ओढा कधी आटायला लागला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ते नोंदवहीत आलं पाहिजे. म्हणून ही समिती पाणी समितीत घालायला माझी हरकत नाही. ओढ्याचं पाणी आणि नळाचं पाणी एकच.

पण वनहक्क समिती यात ओढू नका. 2006 चा कायदा आहे. ती समिती ग्रामसभा निवडते, पंचायत नव्हे. तिच्यासमोर माणसाच्या जमिनीचा दावा असतो, सल्ला नव्हे. तिच्यात आदिवासी आणि बायकांचं प्रमाण नियमानं ठरलेलं आहे. ज्याचं कसायचं रान पणाला लागलंय तो, आणि रस्त्यावर बल्ब लावा म्हणणारा मेंबर, यांना एकाच सतरंजीवर बसवलं की दावा मागं पडतो. गावाच्या सभेत पहिला तास रस्त्यावर जातो हे कोणीही सांगेल.

माजी_मेंबर
वनहक्क समिती मी यादीत घेतलीच नव्हती. मान्य, ती बाहेर.

वडगावचा_रयत
शहरातला आजार उलटा आहे, तेवढं सांगतो.

घटनेच्या कलम 243 एस प्रमाणे तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेत. बेळगाव 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांच्या जवळ होतं. महापालिकेत 58 वॉर्ड. राज्याच्या कायद्यात प्रत्येक वॉर्डाला दहा जणांची समिती सांगितलीय, त्यात तीन बायका, दोन अनुसूचित जाती-जमातीचे, दोन रहिवासी संघटनांचे, अध्यक्ष नगरसेवक. त्याशिवाय स्मार्ट सिटीचा सल्लागार फोरम. बेळगावचं नाव जानेवारी 2016 च्या पहिल्या वीस शहरांत आलं, तेव्हा मिशनच्या नियमांत अशा फोरमची तरतूद होती. मिशन मार्च 2025 ला संपलं. ज्या कामांबद्दल त्या फोरमनं विचारायचं होतं ते रस्ते आणि फुटपाथ इथंच आहेत, विचारायचं आता कुणी?

आता बळ्ळारी नाला घ्या. दरवर्षी पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरतं आणि भाताची रोपं कुजतात. दुबार लावणी करावी लागते, नाहीतर वर्ष जातं. नाला शहरातून निघून शिवारात जातो. काठावरचा गाळ, अतिक्रमण, जलपर्णी या सगळ्याबद्दल महापालिका पाटबंधारेकडं बोट दाखवते, पाटबंधारे महापालिकेकडं, बुडा, म्हणजे नगरविकास प्राधिकरण, म्हणतं आमचा संबंध नाही, पंचायत म्हणते आमच्याकडं यंत्र नाही. इथं नागरिकांच्या समित्या जास्त झाल्यात असं कोण म्हणेल? नाल्याच्या उगमापासून शेवटपर्यंतचे लोक एकत्र बसतील अशी एकही समिती नाही. एक करायचंच असेल तर आधी खाती एक करा. सामान्य माणसाच्या खुर्च्या कमी करून साहेबांची कपाटं तशीच ठेवण्यात काय सुधारणा?

फेरीवाल्यांचं तर विचारूच नका. 2014 च्या कायद्यानं त्यांच्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. ती वॉर्ड समितीत विलीन करा, आणि बघा गणपत गल्ली-खडेबाजारातल्या भाजीवालीबद्दल कसली चर्चा होते. अतिक्रमण हटवा, एवढीच.

नुसता_वाचक
पण काका, खाती एक करणं आपल्या हातात आहे का? समित्या निदान ग्रामसभेत बोलण्याइतक्या तरी हातात आहेत.

वडगावचा_रयत
हातात आहे म्हणून तेच तोडायचं?

सीमेवरचा_वकील
थोडक्यात. विलीनीकरण म्हटलं की मला एकच आठवतं. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त हे पद घटनेच्या कलम 350 ब मधलं. त्यांचं विभागीय कार्यालय बेळगावात होतं. ते इथून चेन्नईला गेलं. आता एखाद्या पालकानं मराठी शाळेच्या शिक्षकांबद्दल किंवा मराठीतल्या नोटिशीबद्दल तक्रार करायची तर पत्र चेन्नईला. आपल्या जिल्ह्यात "एकत्र केलं" याचा अर्थ आजवर "लांब नेलं" असाच निघालाय.

माजी_मेंबर
वकील साहेब, ते सरकारी कार्यालय होतं. मी गावातल्या गावात बसणाऱ्या लोकांबद्दल बोलतोय, आमची समिती कुठं जाणार?

सीमेवरचा_वकील
पंचायतीच्या इमारतीत. आणि तिथल्या कपाटाची किल्ली कोणाकडं असते ते तुम्ही मेंबर होतात, मला विचारू नका.

आशाताई
मी आशा आहे, खऱ्या नावानं लिहीत नाही. इतके पुरुष आमच्या सह्यांवर चर्चा करताहेत म्हणून लिहायला घेतलं.

माजी मेंबर दादा म्हणतात ते खरं आहे. पाणी समितीत मी, आरोग्य समितीत मी, बालविकास समितीतही बोलावतात. आरोग्य समिती सोडली तर बाकीच्या सभांना मानधन नाही. सभेला गेलं की गरोदर बाईच्या घरची फेरी राहते, ती संध्याकाळी करायची. त्यामुळं कोणी सभा कमी करत असेल तर मला आनंदच आहे.

पण पैशांचं कोणी बोललं नाही. आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत येतात, गावाच्या आकाराप्रमाणे. रक्कम काही मोठी नाही. खातं दोघींच्या सहीचं. मागं डेंग्यू आला तेव्हा गप्पी मासे आणि टाक्या झाकायची जाळी त्यातून घेतली, कोणाच्या परवानगीला थांबलो नाही. समिती एक झाली की खातं पंचायतीचं होणार. मग जाळीसाठी अर्ज, अर्जावर शेरा, आणि पुढच्या महिन्यात त्या पैशांतून कमानीवर दिवे.

पाणी समितीचंही तसंच. पाणी तपासायचं किट गावातल्या पाच बायकांना शिकवतात. आम्ही बाटलीत औषध घालून रंग बघतो. विहिरीचं पाणी खराब निघालं की सरपंचांना राग येतो, विहीर त्यांच्या भावकीतली असते. वेगळी समिती आहे म्हणून निदान वहीत लिहिता येतं. मोठ्या सभेत त्यांच्या पुढ्यात मी ते वाचून दाखवणार नाही, स्पष्टच सांगते.

सभा कमी करा. समित्या कमी करू नका. दोन्ही एकच नाही.

नुसता_वाचक
ताई, मघाची शंभर टक्के सहमती पन्नासवर आणतो.

चिकोडीवाला
माझ्याकडं वेगळी माहिती आहे. आमच्या पंचायतीत आरोग्य समितीचं खातं कोणी वर्षभर उघडून बघितलेलंच नाही. प्रत्येक गावात अशा ताई नसतात. एका चांगल्या बाईच्या भरवशावर सगळ्या तालुक्याची रचना ठरवायची नाही. धागाकर्ते, तुम्ही मागं हटू नका.

माजी_मेंबर
मागं हटत नाही, पण यादी लहान करतो. एसडीएमसी बाहेर, वनहक्क बाहेर. बँकेतली खाती जशी आहेत तशी, सह्या ज्यांच्या त्यांच्याच. जैवविविधता पाणी समितीबरोबर बसेल, बालविकास आरोग्याबरोबर. म्हणजे पाचाच्या ठिकाणी तीन बैठका, आणि त्यातल्या दोन एकाच दिवशी, पाठोपाठ. खोट्या तारखा बंद, हीच माझी मूळ अट, तिच्यावर मी ठाम आहे. पुस्तकातलं सही करायच्या आधी मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडतो. पीडीओ नाही म्हणाले तर कुठल्या नियमाखाली नाही ते लेखी मागणार.

शाळेची_आई
वाचून दाखवायच्या ठरावाला माझा हात वर. बालविकास समिती आरोग्याबरोबर बसवताना अंगणवाडीताईंना विचारलंत का? त्यांचं सरकारी खातं वेगळं आहे, साहेब वेगळे आहेत.

माजी_मेंबर
उद्या विचारतो.

आशाताई
आणि बैठकीचा दिवस ठरवताना लसीकरणाचा दिवस सोडा, बाजाराचा वार सोडा. दुपारी तीनच्या आत ठेवू नका, बायका शेतात असतात. चारला ठेवलीत तर येऊ.