जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकावे का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
नमस्कार मंडळी. माझ्या राउटरचे अपडेट येणे केव्हाच थांबले आहे, आणि घरात कोणी व्हिडिओ अपलोड करू लागले की मुलीच्या ऑनलाइन शिकवणीतला आवाज तुटतो. धडधाकट वस्तू टाकून देणे जिवावर येते. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचे मोफत सॉफ्टवेअर) टाकताना राउटर कायमचा बंद पडेल का?

उत्तर १ (विजापूर रोड):
ताई, आधी राउटर उलटा करून लेबलवरचे मॉडेल आणि त्यापुढचा ‘व्ही२’, ‘व्ही३’ असा आकडा उतरवून घ्या, कारण नाव एकच असले तरी आतली चिप वेगळी असू शकते आणि चुकीची फाइल टाकल्यानेच बहुतेक घोटाळे होतात. फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) ४ एमबी किंवा रॅम ३२ एमबी असेल, तर नाद सोडा. पहिल्यांदा ‘फॅक्टरी’ फाइल लागते. ‘सिसअपग्रेड’ नंतरच्या अपडेटसाठी असते.

उत्तर २ (अशोक चौक):
फाइल चढत असताना वीज जाणे सर्वांत घातक, म्हणून मी राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि लॅपटॉप वायफायऐवजी लॅन केबलने जोडला. नंतर वायफाय दिसले नाही तर घाबरू नका, बहुतेक राउटरवर ते सुरुवातीला बंदच असते, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता उघडून आधी पासवर्ड ठेवा, मग वायफाय चालू करा. आवाज तुटण्यावर एसक्यूएम हे पॅकेज (एकाच्या अपलोडमुळे बाकीच्यांचे इंटरनेट अडू नये म्हणून रांग सांभाळणारे) बसवून मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के मर्यादा घाला.

प्रश्नकर्ती:
लेबलवर ‘व्ही२’ आहे, फ्लॅश १६ एमबी. रविवारी इन्व्हर्टर चार्ज करूनच बसते.