झू-कीपर व्हायचंय, पुण्यात राहून सुरुवात कुठून करू?

आंबेगावची_मी
नमस्कार मंडळी. बीएस्सी झूलॉजीची शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. मला प्राणिसंग्रहालयात प्राणीरक्षक म्हणून काम करायचं आहे. डॉक्टर किंवा वनाधिकारी व्हायचं नाही. रोजचं खाणंपिणं, साफसफाई आणि प्राण्यावर नजर ठेवणं, हेच काम हवंय. घर आंबेगावात, कात्रजचं उद्यान जवळ. आजीमुळे वर्षभर पुणं सोडता येणार नाही. खर्च पंधरा हजारांच्या आत बसायला हवा. काय शिकू आणि कुठे?

शनिवारातले_काका
बाळा, सरळ व्हेट हो. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर. साडेपाच वर्षांत डॉक्टर होशील. माझ्या भाच्याने केलं, आज स्वतःचा दवाखाना आहे आणि गाडीही घेतली. पिंजरे धुण्यासाठी पदवी कशाला वाया घालवायची?

आंबेगावची_मी
काका, त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि मला खरंच डॉक्टर व्हायचं नाहीये.

वनप्रेमी_वारजे
वनरक्षक भरतीचा फॉर्म भर. बारावीवर होते. पळण्याची तयारी आत्तापासून कर. माझ्या गावातली दोन मुलं लागली. सरकारी नोकरी म्हणजे डोक्याला ताप नाही.

कात्रजकर
वारजेकर, कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय महापालिकेचं आहे, वनखात्याचं नाही. वनरक्षक झाली तर पोस्टिंग एखाद्या वनपरिक्षेत्रात, म्हणजे जंगलात मिळेल, वाघाच्या पिंजऱ्यापाशी नाही. तिला हवी ती नोकरी महापालिकेच्या जाहिरातीतून किंवा कंत्राटदारामार्फत निघते. दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागेल.

वनप्रेमी_वारजे
वनखात्याचीही बचाव केंद्रं असतात. माणिकडोहला बिबट्यांचं आहे की!

कात्रजकर
आहे, पण ते जुन्नरला. तिने पुणं सोडता येत नाही असं वरच लिहिलंय.

लंडनहून_अनिकेत
भारतात या कामाला किंमत नाही. इकडे स्पार्शोल्ट कॉलेजचा कीपर लोकांसाठी खास डिप्लोमा आहे. पेंग्विनपासून गोरिलापर्यंत सगळं शिकवतात. माझी शेजारीण करते आहे, तिचा युनिफॉर्म बघूनच अभिमान वाटतो. कर्ज काढ पण इकडे ये.

माळ्याची_लेक
अनिकेत, तुमच्या शेजारणीला विचारून बघा. तो डिप्लोमा आधीच प्राणिसंग्रहालयात नोकरीला असलेल्यांसाठी आहे. तिकडेसुद्धा आधी नोकरी, मग शिक्षण. आपल्याकडेही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण कीपरांसाठी प्रशिक्षणं घेतं, तीही नोकरीत असलेल्यांसाठीच. त्यामुळे ताई, 'कोर्स करा, नोकरी मिळेल' असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

सिंहगड_रोडवरून_मीनल
अगदी बरोबर! माझ्या पुतणीने एक ऑनलाईन 'झू-कीपिंग सर्टिफिकेट' घेतलं. फी भरली, पीडीएफ आल्या, कोपऱ्यात वाघाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र आलं. मुलाखतीत साहेबांनी ते उलटून पाहिलं आणि विचारलं, जनावराला कधी हात लावला आहेस का? पैसे तर गेलेच, पोरीची उमेदही गेली. फोन उचलणारंही कोणी नाही आता. अजून संताप होतो.

नागराज_धनकवडी
कोर्सबिर्स सोडा. साप पकडायला शिका, मी शिकवतो. नाग, घोणस, मण्यार सगळे हाताळलेत. सर्पोद्यानात अशाच लोकांना मागणी असते.

कात्रजकर
ताई, परवानगीशिवाय साप पकडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मुलाखतीत साप पकडल्याचे व्हिडिओ दाखवलेत तर उलट परिणाम होईल. कीपर सापाला जमेल तितका कमी हात लावतो. हुक, नळी, कुलूप आणि बाहेर उभा असलेला दुसरा माणूस, असं ते काम आहे.

नागराज_धनकवडी
कात्रजचं सर्पोद्यान ज्यांनी १९८६ मध्ये उभं केलं ते नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास बसले होते. त्यांनाही तुम्ही नावं ठेवणार का?

कात्रजकर
त्यांना कोण नावं ठेवतंय? ते १९८० साली, सापांची भीती जावी म्हणून बसले होते. आज एखाद्या मुलीला नोकरीसाठी तो रस्ता दाखवणं चूक आहे, एवढंच म्हणतोय.

शनिवारातले_काका
सर्पोद्यानावरून आठवलं, पेशवे पार्कातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयाची मजा कात्रजला नाही. १९५३ पासूनचं ते. फुलराणी या छोट्या आगगाडीत बसून सिंहाची डरकाळी ऐकू यायची.

पर्वती_पायथा
काका, आठवणी माझ्याही आहेत, पण ते पिंजरे किती लहान होते! १९९९ मध्ये प्राणी कात्रजला गेले ते त्यांच्या भल्याचंच झालं. तलाव धरून एकशे तीस एकर जागा आहे.

शनिवारातले_काका
तलाव वजा करा आणि मग बोला.

हडपसरची_वहिनी
वरती कोणी लिहिलंय की नाही माहीत नाही, पण वनरक्षक परीक्षा दे. किंवा व्हेट हो. दोन्ही चांगले पर्याय आहेत.

माळ्याची_लेक
धागा भरकटतोय म्हणून सविस्तर लिहिते. माझे बाबा प्राणिसंग्रहालयाच्या बागेत माळी म्हणून लागले आणि कीपर म्हणून निवृत्त झाले. गावाचं नाव लिहीत नाही.

सकाळी गेल्यावर बाबा पिंजऱ्यात शिरायचे नाहीत. आधी लांबून बघायचे. रात्रीचं खाणं किती उरलंय, शेण किंवा लेंड्या कशा आहेत, प्राणी चारही पायांवर सारखा भार देतोय का, डोळ्यातून पाणी येतंय का. हरणांची मोजणी रोज. मग वाघाला रात्रीच्या खोलीतून मोकळ्या आवारात सोडायचं, मधलं दार खाली सोडून बंद करायचं, कुलूप हाताने ओढून बघायचं, आणि वाघ पलीकडे दिसल्याशिवाय आपलं दार उघडायचं नाही. 'वाघ दिसला, कुलूप ओढलं' हे मोठ्याने म्हणायची त्यांची सवय होती, जोडीदाराला ऐकू जावं म्हणून. आत जाताना पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बूट बुडवायचे. हे रोग आत येऊ नये म्हणून. बाहेरच्या गोठ्यातून लाळ्या-खुरकूत बुटाला लागून आली तर हरणांचा कळप धोक्यात येतो.

वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. लोकांना दया येते, पण बंदिस्त जागेत रोज मांस दिलं तर ते सुस्तावतात. आणि लोक वाघाला घाबरतात, बाबा मात्र माजावर आलेल्या सांबर नराला जास्त जपायचे. वाघाच्या आवारात माणूस शिरतच नाही, हरणांच्या आवारात शिरावं लागतं. शिंगं कडक झालेला नर पाठ वळली की येतो.

डॉक्टर फेरीला आले की पहिला प्रश्न कीपरला असायचा, काल आणि आज काय वेगळं? बाबा जेमतेम सातवी, पण रोजची नोंद वहीत. तुम्ही बीएस्सी आहात, लिहायची सवय आहे. ती वही तुमचं खरं भांडवल ठरेल.

पुण्यात वर्ष काढायचं तर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जा. बावधनला 'रेस्क्यू' आहे. गोंडस पिल्लं मांडीवर मिळतील ही अपेक्षा नको, खाणं चिरणं आणि भांडी घासणं हेच आधी करावं लागतं. आणि पहिला खर्च रेबीजच्या प्रतिबंधक लसीचा करा.

वनप्रेमी_वारजे
+१. स्वयंसेवक म्हणून जा असंच मी म्हणणार होतो.

पर्वती_पायथा
कात्रजलाच भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाची एमएस्सी आहे. गरवारेत जैवविविधतेची आहे. पदवी वाया जाणार नाही.

कात्रजकर
अभ्यासक्रम चांगले आहेत, पण ते जंगलातल्या कामासाठी. शिवाय पंधरा हजारांत कसं बसवणार?

आंबेगावची_मी
सगळ्यांचे आभार. माळ्याची लेक ताई, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. रेबीजची लस या आठवड्यात घेते.

एक काम चालून आलंय. आमच्या भागातल्या घोडेस्वारीच्या क्लबात तबेल्यात माणूस हवाय. सईसाच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या हाताखाली लीद काढणं, खरारा, चारा, खूर साफ करणं. पहाटे पाच ते दहा, थोडा पगारही आहे.

शनिवारातले_काका
अजिबात नको! बीएस्सी झालेली मुलगी लीद काढणार? आईवडिलांना विचारलंस का?

सिंहगड_रोडवरून_मीनल
तबेल्यातलं वातावरण मुलींसाठी बरं नसतं, असं ऐकलंय.

नागराज_धनकवडी
घोडा पाळीव आहे, वन्यप्राणी नाही. उपयोग शून्य.

माळ्याची_लेक
मीही विचार करायला सांगेन. पाळीव जनावराशी लळा लावायची सवय लागते, आणि कीपरला नेमकी तीच मोडावी लागते. रेस्क्यूचं काम जास्त जवळचं आहे. आणि दोन्ही करायचं म्हणालात तर कपडे-बूट वेगळे ठेवा.

आंबेगावची_मी
ताई, लळ्याचं पटलं, लक्षात ठेवीन. तरी तबेल्यातच जाते आहे. स्वयंसेवकाला चुकलं तर घरी पाठवतात, सईस मात्र तेच काम पुन्हा करून घेतो. चारशे किलोच्या जनावराशेजारी उभं राहायला मला आत्ताच शिकायचंय. घोड्याला पोटशूळ उठला तर सईसाला तो चारा सोडण्यावरून आणि लोळण्यावरून आधी कळतो. ती नजर मला त्याच्याकडून घ्यायची आहे. दुपारी आजी झोपली की नोंदी लिहीन. महापालिकेच्या जाहिरातीही बघत राहीन. आईबाबांना सांगितलंय, आई नाराज आहे. सोमवारपासून सुरू.

कात्रजकर
धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तबेल्यातल्या मातीत आणि लिदीत त्याचे जंतू हमखास असतात. आणि बूट पुढून लोखंडी टोपीचे घ्या, घोडा पायावर पाय देतो.

वनप्रेमी_वारजे
असे बूट रविवार पेठेत स्वस्त मिळतात.

शनिवारातले_काका
रविवार पेठेत नको, टिकत नाहीत. मी सांगतो कुठून घ्यायचे ते.