मुलगी सज्ञान झाल्यावर तिचे गुण महाविद्यालयाकडे मागण्याचा हक्क वडिलांना असतो का?

प्रश्न : एक पालक, मुलुंड
माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला नुकतीच एकोणीस वर्षे पूर्ण झाली. सत्राचा निकाल लागून पंधरवडा उलटला तरी ती विषय टाळते, म्हणून मी स्वतः महाविद्यालयात गेलो. तेव्हा विद्यार्थिनीचे संमतिपत्र आणा, असे सांगून मला खिडकीवरूनच परत पाठवण्यात आले. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली, तेव्हा मात्र याच कार्यालयाने मला बोलावून हमीपत्रावर सही घेतली होती. शुल्क माझे, सही माझी, मग गुण पाहण्याचा हक्क का नाही? अमेरिकेत यासाठी स्वतंत्र कायदा आहे म्हणे.

उत्तर : वकील, दादर
भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते, आणि शुल्क कोण भरतो यावर ते अवलंबून नसते. केवळ शैक्षणिक नोंदींसाठीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ पालकांची संमती मागतो, ती अठरा वर्षांखालील मुलांसाठीच. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्याचा विचार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तरपत्रिका पाहण्याचा जो हक्क मान्य केला तो परीक्षार्थीचा स्वतःचा होता, हे लक्षात घ्यावे.

उत्तर : एक आई, विलेपार्ले
अमेरिकेतील तो कायदा १९७४ चा असून त्याला संक्षेपाने 'फर्पा' म्हणतात. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा उच्च शिक्षणासाठी दाखल झाला, की नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. त्यामुळे सतराव्या वर्षी तिकडे गेलेल्या आमच्या चिरंजीवांचे गुणही आम्हाला कळेनात. तेथील करविवरणात मूल अवलंबित दाखवलेले असल्यास महाविद्यालय पालकांना माहिती देऊ शकते, पण देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. आणि मुंबईत बसून इथलाच कर भरणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या सवलतीचा काय उपयोग! अखेर त्याने लेखी संमती दिली, तेव्हा कुठे माहिती मिळाली.

उत्तर : निवृत्त कार्यालय अधीक्षक, गिरगाव
खिडकीच्या आतल्या बाजूचेही ऐकावे. वडील म्हणून समोर उभे राहिलेले गृहस्थ खरोखरच वडील आहेत, हे लिपिकाने कशावरून ओळखायचे? 'स्थळ पाहतो आहोत, मुलीला केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) तर नाही ना?' अशी चौकशी करणारे काका-मामा मी वर्षानुवर्षे परत पाठवले आहेत. विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी एकाला माहिती दिली म्हणून दुसऱ्याने भर कार्यालयात केलेला तमाशाही पाहिला आहे. हमीपत्राचे म्हणाल, तर त्यावर सही करून आपण हजेरीची जबाबदारी स्वीकारली; त्या बदल्यात महाविद्यालयाने आपल्याला काही देऊ केलेले नाही. विद्यार्थिनीने सही केलेला साधा अर्ज आणि तिच्या ओळखपत्राची प्रत नेल्यास आमच्या काळी काम त्याच दिवशी होत असे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. संमतिपत्र तिच्याकडेच मागावे लागणार, हे समजले. हमीपत्राची प्रत मात्र मी उद्या कार्यालयाकडे मागणार आहे. त्यावरची सही तरी माझीच आहे.