सिगारेट कमी करायची की निकोटीन?

थोटूकबहाद्दर (धागाकर्ता)
१८ वरून ५ वर आलो. आठ महिने लागले. त्यानंतर गेलं वर्षभर ५ वरच अडकलोय, म्हणून हा धागा.

"एकदम सोडू नकोस, झेपणार नाही, हळूहळू कमी कर" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांशी मला भांडायचंय. मी वहीत रोजचा आकडा लिहायचो. आकडा उतरला की कॉलर ताठ. मग एक दिवस ॲशट्रे रिकामा करताना थोटकं नीट पाहिली. पूर्वी पेरभर तरी तंबाखू उरायची, आता फिल्टरचा कागद करपेपर्यंत ओढलेली. झुरके खोल, धूर छातीत कोंडून धरलेला. एका सिगारेटीत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असतं आणि अंगात जातं जेमतेम एक-दीड. पण हे एक-दीड म्हणजे काही ठरलेलं माप नव्हे, ओढणारा ते हवं तसं वाढवतो. म्हणजे मी सिगारेटी कमी केल्या, निकोटीन फारसं नाहीच. 'लाइट' सिगारेटींचं हेच झालं. धूर मोजणाऱ्या यंत्रावर निकोटीनचा आकडा कमी, आणि माणसाच्या हातात आली की फिल्टरवरची बारीक भोकं बोटांनी झाकली जायची. हिशेब पुन्हा जिथल्या तिथे.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. १८ होत्या तेव्हा निम्म्या नुसत्या सवयीने ओढल्या जायच्या, कधी पेटवली ते आठवायचंही नाही. आता पाचही वाट बघून बघून ओढतो. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्मं होतं. चार तासांनी एक ओढणारा दिवसभर अर्धवट तलफेत असतो आणि प्रत्येक सिगारेट त्याला बक्षिसासारखी मिळते. कुत्र्याला असंच शिकवतात.

माझं मत: सिगारेट एका दिवसात शून्य. उतरवायचंच असेल तर पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गमने (निकोटीनचं च्युइंगम) निकोटीन उतरवा. आता जोडे हाणा.

पहिलीउशिरा
असहमत. तुम्ही चुकीचं टोक धरलंत. मी आकडा कधी मोजलाच नाही, फक्त सकाळची पहिली पुढे ढकलत गेलो. निकोटीनचं व्यसन किती घट्ट आहे हे मोजायची फागरस्ट्रॉम यांची सहा प्रश्नांची चाचणी आहे, १० गुणांची. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पेटवत असाल तर त्या एकाच उत्तराला ३ गुण. का ते उघड आहे: रात्रभरात टाकी रिकामी झालेली असते.

मी दात घासायच्या आधी ओढायचो. पहिला टप्पा, दात घासल्यावर. दुसरा, आंघोळीनंतर. तिथे महिनाभर अडकलो. ओलं डोकं, कमरेला टॉवेल आणि हातात लायटर, अशा अवतारात खिडकीशी उभा असायचो. मग कामावर पोचल्यावर, मग जेवणानंतर, मग दुपारी चार. एवढं झाल्यावर संध्याकाळच्या तीन-चार सोडायला फार कष्ट पडले नाहीत. एकूण सात महिने. सुटून तीन वर्षं झाली. गम नाही, पॅच नाही.

एकघाव
दोघंही उगाच लांबण लावताय. एका रात्री पाकीट नळाखाली धरलं नि विषय संपवला. तीन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, दुसऱ्या दिवशी तर बुटाची नाडी तुटली म्हणून रडू आलं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं.

आणि धागाकर्ते, गमचं कौतुक पुरे. माझे मामा चार वर्षं गम चघळताहेत. घरचं भूत काढायला शेजारचं आणून बसवलंत, दुसरं काय?

थोटूकबहाद्दर
@एकघाव, मामांच्या छातीत आता डांबर जात नाही ना? मग चघळू देत. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९७६ मध्येच मांडलं होतं की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबराने. शिवाय झुरक्यातलं निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गममधलं गालातून सावकाश झिरपतं. तो वेगच तर चटक लावतो.

@पहिलीउशिरा, तुमच्या खिडकीला नमस्कार. पण असे किती जण पार होतात?

समुपदेशक_ताई
सिगारेट सोडणाऱ्यांबरोबर काम करते, म्हणून मध्ये तोंड घालते. याच वादावर ऑक्सफर्डच्या संशोधकांची चाचणी आहे, २०१६ ची, ६९७ माणसांवर. निम्म्यांनी दोन आठवड्यांत सिगारेटी पाव हिश्शावर आणून मग थांबायचं, निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम. निकोटीनची औषधं दोन्हीकडे. सहा महिन्यांनी हळूहळूवाल्यांतले १५.५ टक्के सुटलेले होते, एकदमवाल्यांतले २२ टक्के.

थोटूकबहाद्दर
धन्यवाद ताई. धागा बंद करायला हरकत नाही.

पहिलीउशिरा
एवढी घाई नको. दोन आठवड्यांत पाऊण भाग उतरवायला तुम्ही 'हळूहळू' म्हणता? त्याला जिन्यावरून घसरणं म्हणतात. आणि ही ६९७ माणसं सोडायला तयार होऊन आलेली होती. जो आज तयारच नाही, त्याला "उद्यापासून शून्य" सांगितलंत तर तो तुमच्या दाराकडे फिरकणारही नाही.

समुपदेशक_ताई
हा मुद्दा रास्त आहे. अशाच माणसांवर २०१५ ची एक चाचणी आहे: महिन्याभरात सोडायची तयारी नाही, पण तीन महिन्यांत कमी करत सोडू म्हणणारे १,५१० जण. चार आठवड्यांत निम्म्यावर, आठ आठवड्यांत पावावर, बाराव्यात शून्य. काहींना व्हॅरेनिक्लीन हे औषध, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. १५ ते २४ या आठवड्यांत पूर्ण बंद राहिलेले: औषधवाले ३२ टक्के, रिकाम्या गोळीवाले ७ टक्क्यांच्या आसपास.

थोटूकबहाद्दर
म्हणजे नुसतं मोजत उतरणारे शंभरात सात! हेच तर म्हणतोय.

पहिलीउशिरा
आणि औषधाची जोड घेऊन हळूहळू उतरणारे शंभरात बत्तीस. तेवढं सोयीस्करपणे गाळलंत.

उंबरठ्यावरून
एरवी फक्त वाचते. आमच्या घरी "रोज फक्त चारच" हे गेली नऊ वर्षं चालू आहे. चारच म्हटलं की घरात सगळे गप्प, कारण पूर्वीच्या मानाने कमी ना. २०१८ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता: दिवसाला एकच ओढली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या सुमारे निम्मा. विसावा भाग नाही, निम्मा. मी तो यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "मग चार काय नि वीस काय!"

धोरणी
सगळा भार ओढणाऱ्यावरच का? तंबाखूतलंच निकोटीन उतरवा. 'लाइट'मध्ये तंबाखू तीच असायची, म्हणून खोल झुरक्याने भरपाई व्हायची. मुळातच नसेल तर ओढून ओढून काढणार काय? २०१५ मध्ये ८४० जणांवर करून पाहिलंय, अगदी कमी निकोटीनच्या सिगारेटी मिळालेल्यांच्या दिवसाच्या सिगारेटीही कमी झाल्या. न्यूझीलंडने २०२२ मध्ये तसा कायदाही केला.

एकघाव
आणि अंमल सुरू व्हायच्या आत, २०२४ मध्ये, रद्दही केला. तोवर आम्ही काय करायचं?

समुपदेशक_ताई
पॅचबद्दल धागाकर्त्यांचं बरोबर आहे, तिथे उतरणीची पायरी आधीच बांधलेली असते. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ आणि ७ चा दोन-दोन आठवडे. गम मात्र बहुतेक जण चुकीचा खातात. सतत चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं आणि माणूस म्हणतो "मला सोसत नाही". चारदोनदा चावा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नको.

कॉफीवरून आठवलं. धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीतलं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. छाती धडधडते, झोप उडते, आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. कॉफी निम्मी करा. पॅच लावला तरी हे लागू, कारण हे धुराचं काम, निकोटीनचं नव्हे.

थोटूकबहाद्दर, एक विचारायचं राहिलं. तुमची सकाळची पहिली किती वाजता?

एकघाव
बुटाच्या नाडीचं कोडं आज सुटलं. त्या तीन दिवसांत सहा-सहा कप ढोसत होतो.

समुपदेशक_ताई
@थोटूकबहाद्दर, उत्तर?

थोटूकबहाद्दर
उठल्यावर लगेच. अंथरुणात बसूनच. १८ होत्या तेव्हाही तिथेच होती.

पहिलीउशिरा
मग आठ महिने उतरवलंत काय?

थोटूकबहाद्दर
अहो, तेच तर पहिल्या ओळीपासून सांगतोय ना मी!