जुन्या स्लॅबची खडी नव्या स्लॅबला चालेल का?

प्रश्न: तोडलेल्या स्लॅबची २० मिमी खडी करून घेतली आहे. एम२० (ताकदीची प्रत) आरसीसीत, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, किती घालू?

उत्तर १: आयएस ३८३:२०१६ (खडी-वाळूचं भारतीय मानक) प्रमाणे एम२५ पर्यंतच्या आरसीसीत जाड खडीच्या २० टक्क्यांपर्यंत. एम१५ च्या खालच्या पीसीसीत (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये) सगळी खडी अशी चालते. विटा-टाइलचे तुकडे मिसळलेले असतील तर मात्र आरसीसीत अजिबात नको.

उत्तर २: खरी गोम पाण्याची. खडीला चिकटलेला जुना मसाला पाणी पितो. कोरडी टाकलीत तर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) झटक्यात उतरतो, मग मिस्त्री वरून पाणी ओततो आणि ताकद जाते. आदल्या रात्री भिजवा, सकाळी निथळू द्या. वरून ओल दिसेनाशी झाली की लगेच मिक्सरला घाला.

उत्तर ३: पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) तुकडे कटाक्षाने वेचा, त्यातल्या सल्फेटने काँक्रीट फुगून तडकतं. आणि सिमेंट पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) असेल तर क्युरिंग, म्हणजे स्लॅब ओला ठेवणं, किमान १० दिवस, कडक उन्हात १४.