घरात लहान मुलं आहेत, मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवावी का? सल्ला हवा

अंगणवेल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकते. आम्हा दोघांना मधमाश्या पाळायच्या आहेत. प्रशिक्षण झालंय, दोन-तीनदा दुसऱ्यांच्या पेट्या उघडून हाताळल्यात. घराच्या मागे अंगण आहे, फार मोठं नाही, एका टोकाला दाट कुंपण आहे. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा आणि आता सगळीकडे रांगत सुटलाय.

मागच्या महिन्यात मुलीचा अनवाणी पाय गवतातल्या माशीवर पडला. तळव्याला चावली आणि दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वरपर्यंत पाय सुजला. तीन दिवसांनी उतरला. तेव्हापासून मी धास्तावले आहे. ही अ‍ॅलर्जी म्हणायची का? नवऱ्याचं म्हणणं, माश्या तशाही अंगणात येतातच, पेटी नसली तरी. ते खरंच आहे. पण पेटी म्हणजे हजारो माश्या, आणि घरात बाळ.

ज्यांनी लहान मुलं सांभाळून पेटी ठेवली आहे त्यांनी कृपया सांगा. पेटी कुठे ठेवलीत, मुलांना काय शिकवलंत? आणि नको असं वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

जुना मधपाळ

ताई, माझी दोन्ही मुलं पेट्यांच्या सोबतीनेच वाढली, म्हणून सविस्तर लिहितो. ठेवता येते. पण तुम्ही माश्यांच्या स्वभावाचा विचार करताय, त्याआधी एक गोष्ट ठरवा: पेटी उघडी असताना बाळ कोणाच्या कडेवर असेल? याचं उत्तर दर वेळी तयार असेल तरच पुढे जा. पेटी उघडली की ती मध्येच टाकून येता येत नाही. पोळ्याच्या लाकडी चौकटी बाहेर, माश्या उडालेल्या, हातात राणीची चौकट, आणि आतून बाळ रडायला लागलं की माणूस घाई करतो. माश्या चिडतात त्या घाईनेच. चौकट आपटली, एखादी माशी चिरडली, की तिच्या काट्यापाशी एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. तो बाकीच्यांना इशारा असतो. म्हणून उघडायच्या दिवशी दोन मोठी माणसं हवीत, एक पेटीपाशी आणि एक मुलांपाशी, घराच्या आत.

आता जागा. पेटीचं दार घराकडे किंवा खेळायच्या जागेकडे नको. दारासमोर एक-दोन मीटरवर कुंपण किंवा दाट झुडूप हवं, माणसाच्या डोक्याहून उंच. माशी बाहेर पडली की अडथळा ओलांडायला वर चढते आणि मग त्याच उंचीने निघून जाते. तुमचं दाट कुंपण त्यासाठी उत्तम. पेटीभोवती बुटकी का होईना, कडी असलेली जाळी घाला. लहान मुलाच्या हातात काठी असतेच आणि समोर भोक दिसलं की ती आत जातेच. पेटीला पट्टा आवळून ठेवा, म्हणजे कोणी धक्का दिला तरी झाकण निघणार नाही. आणि जागा आधीच पक्की करा. माश्यांना एकदा जागा पाठ झाली की अंगणातल्या अंगणात पेटी दहा-बारा मीटर सरकवणं अवघड होतं, बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

पाणी विसरू नका. माश्या येण्याआधीच सावलीत एक उथळ भांडं ठेवा, त्यात खडे घाला आणि ते कधीही कोरडं पडू देऊ नका. माश्यांना एका पाणवठ्याची सवय लागली की त्या सहसा बदलत नाहीत. तुम्ही सोय केली नाहीत तर त्या बाळाचा टब किंवा शेजाऱ्यांचा नळ शोधतील.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. धाकटा तीन वर्षांचा होता. काम संपलं, स्मोकर (माश्या शांत करायला धूर सोडायचा डबा) विझला असं समजून मी तो मागच्या पायरीवर ठेवला आणि हात धुवायला गेलो. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला. रडला नाही आधी, नुसता बघत राहिला माझ्याकडे, आणि मग हात पुढे केले. चार बोटांच्या पेरांवर पांढरे फोड. माश्यांनी त्याला तोवर एकदाही डंख केला नव्हता, मीच भाजवलं होतं. तेव्हापासून स्मोकर संपला की तोंडाला बूच मारतो आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करतो. डबा कुलपाच्या कपाटात जातो. आतलं भुसकट तासभर सुद्धा धुमसत राहतं, वरून कळत नाही.

पाऊसवेडी

मी अनेक वर्षं मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

आधी बाळाचं. पेटीचा असो वा बाटलीतला, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. बोटाला लावून नाही, चोखणीला लावून नाही, पदार्थात शिजवूनही नाही. मधात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या) जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या आचेवर ते मरत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. बद्धकोष्ठ, मलूल चेहरा, क्षीण रडणं, दूध ओढायला ताकद नसणं, अशी सुरुवात होते. घरी मध काढणार असाल तर चिकट हात, चमचे, फरशी, सगळं आलं. रांगतं बाळ फरशीवरचं सगळं तोंडात घालतं.

आता मुलीचं. चावलेल्या जागेलगतची सूज, दहा सेंटीमीटरहून मोठी आणि एक-दोन दिवस वाढत गेलेली, तरी ती त्या जागेपुरती प्रतिक्रिया असते. दिसायला भयंकर, पण अशा मुलांना पुढे जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येण्याचा धोका कमी असतो. तरीही पेटी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि पाय कसा सुजला ते नीट सांगा, फोटो असेल तर न्या. घाबरायचं ते वेगळ्या खुणांना: चावलं पायाला आणि गांध्या उठल्या पोटावर-पाठीवर, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्या, चक्कर, मूल एकदम गळून गेलं. त्या वेळी वाट बघायची नाही, तातडीची मदत बोलवायची. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं. मुलाला आडवं ठेवायचं, उठवून चालवायचं नाही. फक्त दम लागत असेल तर बसू द्यायचं.

काटा दिसला की नखाने, चिमटीने, कशानेही काढा, पण लगेच काढा. सुटा पडल्यावरही त्याची पिशवी विष ढकलत राहते. चिमटीने धरू नये असं पूर्वी सांगायचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची, सेकंद गेले की सूज वाढते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मधपाळाच्या घरच्यांना विषाची अ‍ॅलर्जी जडण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यांचा विषाशी संबंध थोडा-थोडा आणि अधूनमधून येतो. कपड्यांवर सुकलेलं विष राहतं. तुमचा पोशाख आणि हातमोजे बाळाच्या कपड्यांत धुऊ नका, आणि तेच कपडे घालून बाळाला उचलू नका.

रानवाट

मी विरुद्ध बाजूने बोलतो. नको असं नाही, पण आत्ता नको.

आमचं दुसरं बाळ चार महिन्यांचं असताना आम्ही पहिली पेटी आणली. आठवड्याला तासभर, असं मनाशी धरलं होतं. फुलोऱ्याच्या दिवसांत पेटी दर सात दिवसांनी बघावीच लागते. नव्या राणीसाठी अंडं घातल्यापासून आठव्या दिवसाच्या आसपास तिच्या घरावर झाकण येतं, आणि तेव्हाच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. एक रविवार बाळाच्या तापात गेला, पुढचा झोप नसल्याने गेला. तिसऱ्या आठवड्यात दुपारी अंगणभर घोंघाट, माश्या उठल्या होत्या आणि शेजाऱ्यांच्या खिडकीच्या कडेला लटकल्या. थव्यातल्या माश्या पोटभर मध पिऊन निघतात, राखायला घर नसतं, त्या सहसा शांत असतात. पण हे शेजारच्या आजींना तेव्हा कसं समजावणार? त्यांच्या डोळ्यांतली भीती मला अजून आठवते. शेजाऱ्यांना आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही केलं नव्हतं.

आणि ताई, वजन. एक खोल कप्पा मधाने भरला की ३५ किलोच्या वर जातो. बाळंतपणानंतर पाठ अजून सावरत असेल तर हे लक्षात घ्या. एक हंगाम कोणाच्या तरी हाताखाली काढा. पेट्या त्यांच्या, शिकणं तुमचं, आणि घरी येताना मागे काही राहत नाही.

जुना मधपाळ

रानवाट यांचं म्हणणं पटतं. दहा महिन्यांचं बाळ असताना एक हंगाम थांबलात तर काहीही बिघडत नाही. त्या काळात पाण्याचं भांडं, कुंपण, जाळी, डॉक्टरांची भेट, शेजाऱ्यांशी बोलणं, आणि पेटी ठेवायला स्थानिक परवानगी लागते का ती चौकशी, सगळं होईल. माझ्या पेट्या मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या आहेत. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी ठेवणार असाल तर पेटी लहान आणि हलकी असते, पण ती वसाहत त्रास झाला की घर सोडून जायला लवकर तयार होते. मुलांच्या वर्दळीत हेही बघा.

एक पेटी की दोन, हा वाद येईलच. सगळे दोन सांगतात. मी लहान मुलांच्या घराला एकच सांगेन.

पाणपोई

इथे माझं वेगळं मत. एकाच पेटीतली राणी गेली तर हाताशी काहीच राहत नाही. दुसरी असेल तर तिच्यातली अंड्यांची एक चौकट दिली की माश्या स्वतः नवी राणी घडवतात, साधारण सोळा दिवसांत ती बाहेर येते. दोन पेट्या उघडायला दुप्पट वेळ लागत नाही. पण बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत एकच, हे मान्य.

साडेचार वर्षांच्या मुलीला मात्र थांबवू नका, तिला आत्तापासून घ्या. पोकळ बांबूचे वीतभर तुकडे एका बाजूने बंद करून, मोळी बांधून, उन्हाच्या भिंतीला लावा. एकट्या राहणाऱ्या माश्या त्यात मातीचे किंवा पानांचे पडदे घालून अंडी देतात. त्यांना राखायला पोळं नसतं, म्हणून त्या सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. मुलगी जवळ बसून बघू शकेल. नंतर पेटी आली की तिला फूटपट्टी द्या आणि दोन चौकटींमधली फट मोजायला लावा, अर्थात रिकाम्या पेटीत. सहा ते नऊ मिलिमीटर फट माश्या मोकळी सोडतात, त्याहून कमी असली तर राळेने बुजवतात, जास्त असली तर तिथे पोळं बांधतात. लँगस्ट्रॉथने याच फटीच्या आधारे सुट्या चौकटींची पेटी बनवली आणि १८५२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. माझ्या मुलाने हे मोजलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि त्यानंतर घरातली प्रत्येक फट त्याने मोजली.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी धागा बसून वाचला. या हंगामात पेटी आणत नाही. बाळाला मध नाही, हे दोन्ही आज्यांनाही स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांची वेळ घेतली, पायाचा फोटो सापडला. गवतात फुलं असतील तेव्हा मुलीने चपला घालायच्या, हा नियम आजपासून सुरू. ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी दर आठवड्याला मदतीला यायला सांगितलंय, आम्ही आळीपाळीने जाऊ, दुसरा मुलांपाशी.

एकच प्रश्न उरलाय. मुलगी विचारते, मला माशी हातात धरता येईल का? काय सांगू?

जुना मधपाळ

येईल. नर माशीला काटाच नसतो. पुढच्या हंगामात, डॉक्टर हो म्हणाले तर, एखादा नर पकडून घरात आणा, मोठी जाडजूड माशी आणि डोक्यावर भिडलेले भलेमोठे डोळे, ही त्याची खूण. आधी तुम्ही ओळख पक्की करा, मग तिच्या तळहातावर ठेवा आणि वरून दुसरा हात अलगद झाकायला सांगा. आत गुणगुण सुरू होते आणि ती तळव्याला जाणवते. माझी थोरली पहिल्यांदा धरून बसली तेव्हा बराच वेळ हात उघडायलाच तयार नव्हती.