ब्रॉडवेवर पुढच्या मोसमात कोण कुठे? (एप्रिलच्या सहलीची तिकिटं)

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक बघायला एप्रिलसाठी ४० तिकिटं काढायची आहेत. सुचवलेल्या तीन नव्या म्युझिकलपैकी दोघांच्या जाहिरातीत 'थिएटर लवकरच जाहीर' एवढंच आहे. थांबावं की जुनं काहीतरी ठरवून मोकळं व्हावं?

प्रेषक: नाट्यशाखा

ताई, नाटकं नंतर बघू, आधी थिएटरं मोजा. ब्रॉडवेची एकूण ४१. शिवाजी मंदिरात सकाळ, दुपार, रात्र तीन वेगळी नाटकं लागतात, तशी सोय इथे नाही. एक नाटक शिरलं की नेपथ्य ठोकून महिनोन्‌महिने मुक्काम. तारखा मिळून भागत नाही, अख्खी वास्तूच लागते.

गर्शविनमध्ये 'विकेड' २००३ पासून, मिन्स्कॉफमध्ये 'लायन किंग' २००६ पासून, ओनीलमध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' २०११ पासून, रिचर्ड रॉजर्समध्ये 'हॅमिल्टन' २०१५ पासून. ही चार विसरा. न्यू अ‍ॅम्स्टरडॅम डिस्नीकडे आहे, तेही विसरा. बूथ आठशे खुर्च्यांच्या आत, हेज जेमतेम सहाशेचं. तिथे मोठं म्युझिकल परवडत नाही, कारण आठवड्याचे प्रयोग कुठेही आठच.

आता उलटं मोजा. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांसाठी पात्रतेची मुदत साधारण एप्रिलअखेर संपते. त्याआधी शुभारंभ, त्याआधी तीन-चार आठवडे प्रीव्ह्यू, म्हणजे शुभारंभापूर्वीचे तिकीट लावून केलेले प्रयोग, त्याआधी नेपथ्य चढवणं आणि तांत्रिक तालमी यांत आणखी पाच-सहा आठवडे. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थिएटर रिकामं हवं. नाताळची गर्दी घेऊन जानेवारीत गाशा गुंडाळणाऱ्यांची यादी आली की निम्मं कोडं सुटतं.

प्रेषक: नाट्यशाखेतला दुसरा सभासद

दादा, हिशेब बरोबर, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, हकालपट्टीचं कलम. बहुतेक करारांत असतं: आठवड्याचा गल्ला ठरलेल्या आकड्याखाली सलग दोन आठवडे गेला, तर मालक नाटकाला बाहेर काढू शकतो. गल्ला म्हणजे पैसे, डोकी नव्हेत. समजा १,३०० खुर्च्या आहेत, आठ प्रयोगांच्या १०,४०० झाल्या. सवलतीत सरासरी ७० डॉलरने सगळ्या भरल्या तर ७,२८,००० डॉलर. ८० टक्केच भरल्या, पण सरासरी १२० डॉलरने, तर ९,९८,४००. 'हाउसफुल्ल'चा बोर्ड लागलेलं नाटकही धोक्यात असतं ते यामुळे. ब्रॉडवे लीग या निर्माते-थिएटरमालकांच्या संघटनेचे आकडे दर आठवड्याला येतात. त्यात उपस्थितीचा टक्का नव्हे, सरासरी भाव वाचा. 'बीटलज्यूस' २०१९ मध्ये सुरुवातीला मंद होतं. पुढे चांगलं सावरलं, तरीही विंटर गार्डन 'म्युझिक मॅन'ला देण्यासाठी त्याला थिएटर सोडायची तारीख मिळाली. नंतर ते मार्क्वीसमध्ये परतलं.

दुसरी, तारेतारकांची गद्य नाटकं. पूर्वी ही मंडळी हजाराच्या आसपासच्या थिएटरात मावायची. २०२५ च्या वसंतात मात्र जॉर्ज क्लूनीचं 'गुड नाइट, अँड गुड लक' विंटर गार्डनमध्ये आणि 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' पॅलेसमध्ये होतं, म्हणजे दोन्ही म्युझिकलच्या वास्तूंत. त्यामुळे तुमच्या दोन 'लवकरच जाहीर'वाल्यांची रांग लांबते. फायदा एवढाच की असा मुक्काम मुळातच मर्यादित, त्यामुळे थिएटर कधी सुटणार हे आधीच कळतं.

मालकही मोजकेच आहेत: शूबर्टकडे १७ थिएटरं, नेडरलँडरकडे ९. नाटकात मालकाचेच पैसे असतील तर त्या नाटकाला झुकतं माप मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रेषक: सहल समिती

मग आम्ही करायचं काय?

प्रेषक: नाट्यशाखा

थिएटर जाहीर झालेलं तिसरं म्युझिकल घ्या. तारीख शुभारंभानंतरची धरा. प्रीव्ह्यूच्या पहिल्या आठवड्यात यंत्रं अडकली की प्रयोग रद्द होतात, आणि ४० जणांची बस परत फिरवणं सोपं नाही. बुधवारचा दुपारचा खेळ बहुधा स्वस्त पडतो, पण शाळा-नोकरीवाले गळतील. समूह-विक्रीकडून अनामत किती, उरलेले पैसे कधी आणि नाटक लवकर बंद पडलं तर परतावा कसा, हे लेखी घ्या. पुनर्विक्रीच्या साइटवरून एकही तिकीट नको. चाळीस जागा एकत्र हव्या असतील तर मेझनीनची (वरच्या सज्जाची) मागची बाजू आधीच मागा. ऑर्केस्ट्रात, म्हणजे तळमजल्यावर, सलग चाळीस मिळणं कठीण.